हक्क आणि उद्याची सोय

मानवी हक्क आणि शाश्वत विकास यांची नावं आता जोडीनं घेतली जातात. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी विकासाची १७ उद्दिष्टं स्वीकारली, त्या जाहीरनाम्यातही हक्कांचा उल्लेख ठिकठिकाणी आहे. पण उल्लेख होणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं. आपल्या मनात या दोहोंचा क्रम ठरून गेलेला असतो. आधी धरणं, रस्ते, वीज, कारखाने होऊ देत. चार पैसे हाती खेळू लागले की मग हक्कांचं बघू. गरीब देशाला हक्कांची चैन परवडत नाही, असं चांगली शिकलेली माणसंही बोलून जातात. मला वाटतं, हा क्रम उलटा आहे. हक्क आधी मान्य करावा लागतो, आणि तो मान्य केला म्हणूनच विकासाला टिकाऊपणा येतो.

हे नुसतं तत्त्व म्हणून मांडलं तर ऐकायला बरं वाटेल आणि विसरलं जाईल. म्हणून महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातला, पुणे-पुरंदरपासून सांगलीपर्यंत पसरलेला एक धागा हाती घेऊ आणि तो सावकाश उलगडू.

दख्खनमध्ये १८७६ ते ७८ या काळात मोठा दुष्काळ पडला. इंग्रज सरकारनं दुष्काळी कामं काढली. त्या कामांवरच्या मजुराला किती धान्य द्यावं, हे ठरवायला सर रिचर्ड टेंपल आले. किती दिलं म्हणजे माणूस तग धरेल आणि तिजोरीवर भार पडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. १८७७ च्या सुरुवातीला त्यांनी मजुरी खाली आणली: दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे आजच्या मापानं अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर किरकोळ पैसे. हे दिवसभर खणणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसासाठी. तेव्हा मुंबई इलाख्यातले मजूर हजारोंच्या संख्येनं कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसानं हातातलं काम टाकून देणं ही साधी गोष्ट नव्हे. पुण्याची सार्वजनिक सभा या मजुरांच्या बाजूनं उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्जामागून अर्ज पाठवले. पोटाचा प्रश्न हा दयेचा नाही, न्यायाचा आहे, असं संघटितपणे म्हणण्याची महाराष्ट्रातली सुरुवात मी इथून मोजतो.

पुढे १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यावरून दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांनी पुष्कळ जीव वाचवले, हे मान्य करायला हवं. पण त्यांची नजर चालू हंगामापलीकडे जात नव्हती. लोक मरू नयेत, एवढाच हेतू. पाऊस पडला की काम बंद, मजूर घरी, आणि पुढचा दुष्काळ येईपर्यंत सगळं शांत. अपवाद होते. नीरा डावा कालवा त्याच दुष्काळात सुरू झाला, माणदेशातल्या म्हसवडच्या तलावाचं कामही दुष्काळी काम म्हणूनच निघालं. पण नीरेच्या कालव्याची पाहणी दुष्काळाच्या आधीच झालेली होती. ही बारीकशी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आता १९७२ कडे येऊ. त्या वर्षीच्या जूनमध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. गरिबी आणि पर्यावरण हे प्रश्न एकमेकांपासून तोडता येणार नाहीत, असं इंदिरा गांधींनी तिथं ठासून सांगितलं. आणि त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रात पावसानं पाठ फिरवली. आधीची दोन वर्षंही कोरडीच गेली होती. ज्वारी-बाजरी हातची गेली, विहिरी आटल्या, जनावरं मातीमोल भावानं विकली गेली किंवा दावणीलाच मेली. सरकारनं कामं काढली आणि काढतच गेलं. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईनं अभ्यास केला आहे. धान्याचं उत्पन्न इतकं घटूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, याचं श्रेय ते या कामांना आणि कामं काढायला भाग पाडणाऱ्या लोकांच्या मोर्चांना देतात. अमर्त्य सेन यांच्यासोबत १९८९ मध्ये लिहिलेल्या ‘हंगर अँड पब्लिक ॲक्शन’ या ग्रंथात या विषयाला त्यांनी भरपूर जागा दिली आहे.

ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना रेशनवरचा मिलो आठवतो, कामावर मिळणारी सुकडी आठवते, आणि सगळ्यात जास्त आठवते ती खडी. माळावर बसून बायामाणसं हातोड्यानं दगड फोडत होती. रस्त्यांच्या कडेला खडीचे ढीग लागले. रस्ते जितके होणार होते त्याहून खडी किती तरी जास्त झाली. ५० लाख माणसांचे श्रम, आणि त्यातून उभं काय राहिलं, तर बऱ्याच ठिकाणी हे ढीग.

असं का झालं असेल? अधिकाऱ्यांना अक्कल नव्हती म्हणून नव्हे. खडीच्या कामाला दगड आणि हातोडा पुरतो. आज ठरवलं तर परवा पाचशे माणसं बसवता येतात. तलावाचं तसं नाही. नाल्याचा उतार बघावा लागतो, वरच्या रानातून किती पाणी येईल ते काढावं लागतं. बांधाच्या रेषेत खड्डे घेऊन खाली पक्का खडक कुठं लागतो ते तपासावं लागतं. गाभ्यासाठी काळी माती आणि वरच्या भरावासाठी मुरूम किती अंतरावर मिळेल हे पाहावं लागतं. ज्यांची जमीन बुडणार त्यांच्याशी बोलावं लागतं. याला महिने जातात. दुष्काळ अंगावर आला की महिने कुणाकडेच नसतात. मदत ही संकट आल्यावर सुरू होते, म्हणून तिच्या हाती खडीच लागते.

इथं वि. स. पागे यांची गोष्ट येते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं विसापूर हे त्यांचं गाव. ते विधान परिषदेचे सभापती होते, संतसाहित्याचे अभ्यासक होते. शेतावर राबणाऱ्या माणसाला वर्षातले कितीतरी महिने काम नसतं, हे त्यांना सलत होतं. साठच्या दशकात विसापूर भागात त्यांनी प्रयोग करून पाहिला आणि त्यातून रोजगार हमीची कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या सरकारपुढे ठेवली. १९७२ मध्ये योजना सुरू झाली, दुष्काळी कामांच्या रेट्यात काही काळ बाजूला पडली, मग पुन्हा सुरू झाली. १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम. त्याच वर्षी १० एप्रिलला भारतानं आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. कामाचा हक्क त्या करारात आहे, १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही आहे. पण देशानं करारात लिहून देण्याच्या आधी सुमारे अडीच महिने महाराष्ट्रातल्या खेड्यातली कुणीही प्रौढ व्यक्ती तो कायद्यानं मागू शकत होती. याचा मला अभिमान वाटतो.

या कायद्यात काय होतं? अंगमेहनतीचं काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम द्यायचं. देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. तो दिवसाला निदान एक रुपया, फार थोडा, पण सरकारनं हरल्याची ती लेखी कबुली होती. नवं काम काढायला ५० मजुरांची मागणी पुरेशी. खर्चाचा मोठा वाटा मजुरीवर गेला पाहिजे. ठेकेदार नको. काम उत्पादक हवं, म्हणजे जमीन, पाणी, झाडं यांची भर घालणारं. आणि पैसा कुठून? त्यासाठी १९७५ मध्ये राज्यानं व्यवसाय कर लावला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदारांच्या पगाराच्या पावतीवर दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. तो का सुरू झाला हे कापले जाणाऱ्यांना आज सहसा ठाऊक नसतं. शहरानं आपल्या मिळकतीतून खेड्यातल्या कामाच्या हक्काचा भार उचलायचा, असा तो करार होता.

आता नीरेच्या कालव्याच्या आधीच झालेल्या पाहणीची मघाची गोष्ट आठवा. एकदा १५ दिवसांची मुदत कायद्यात आली की तहसीलदाराची पंचाईत होते. आज पन्नास माणसं दारात आली तर १५ दिवसांत तलावाची पाहणी होणार नाही. मग काय करायचं? पाहणी आधीच करून ठेवायची. म्हणून प्रत्येक तालुक्यात कामांची यादी तयार ठेवणं भाग पडलं. तपासणी झालेली, आराखडे काढलेले, तांत्रिक मंजुरी घेतलेली कामं. कचेरीत त्यांना शेल्फवरची कामं म्हणतात. हा शब्द रुक्ष आहे, पण माझ्या मते या सगळ्या कहाणीचा कणा तोच आहे. मदतीला शेल्फ लागत नाही, हक्काला लागतं. मदत संकटाची वाट पाहते. हक्क कधीही मागितला जाऊ शकतो, म्हणून त्याची तयारी बारमाही ठेवावी लागते. आणि तयारीला वेळ मिळाला की खडीच्या जागी पाझर तलाव येतो, नालाबांध येतो, समतल चर येतात, १९८२-८३ पासून पाणलोट क्षेत्राचं एकत्रित नियोजन येतं, १९९० नंतर फळबागा येतात. सांगोल्या-आटपाडीच्या माळावरची डाळिंबं, कोकणातल्या कातळालगतच्या आंबा-काजूच्या बागा यांच्यातल्या कितीतरी रोजगार हमीच्या मजुरीतून उभ्या राहिल्या.

पाझर तलाव जवळून पाहण्यासारखा असतो. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात पाणी फारसं राहत नाही. जे राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि भेगांत. पाऊसही चार-दोन दणक्यांत पडून वाहून जातो. नाल्याला आडवा मातीचा बांध घातला, मध्ये काळ्या मातीचा गाभा खडकापर्यंत नेला, आतल्या बाजूला दगड लावले आणि कडेनं सांडवा काढला, की ते पाणी थांबतं. त्याला कालवा नसतो. पाणी खाली मुरतं आणि बांधाखालच्या विहिरींना दिवाळीनंतर, कधी होळीपर्यंत पुरतं. बांधासाठीची माती जिथून खणतात तिथं चौकडी आखलेली असते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खणलं की एक ब्रास. मापासाठी मध्ये मातीचा एक खुंट न खणता ठेवतात, म्हणजे मूळची पातळी दिसते. नवरा खणतो, बायको पाटी भरून डोक्यावर घेऊन भरावावर नेते, पोरगं झाडाखाली झोळीत. आठवड्याला माप होतं आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव लागतं. बाईचं नाव, तिच्या स्वतःच्या नावानं. मजुरी काम मोजून मिळत असल्यानं दर बाईला आणि पुरुषाला एकच. शेतमजुरीत हे तेव्हा कुठंच नव्हतं.

हे सगळीकडे असंच घडलं असं मी म्हणणार नाही. खोटी मस्टरं भरली गेली. अर्धवट सोडलेले बांध पहिल्याच पुरात फुटले. तलाव गाळानं भरले आणि गाळ काढायचा कुणाचा हे ठरलंच नाही. मजुरी महिनेमहिने थकली. या साऱ्या दोषांच्या मुळाशी गेलं की एक छोटा कागद सापडतो: मागणीची पोच. मजुरानं कामाची मागणी लेखी द्यायची आणि तारीख घातलेली पोच घ्यायची, तिथून १५ दिवस मोजायचे. पोच नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर १५ दिवस नाहीत, १५ दिवस नाहीत तर भत्ता नाही. आणि भत्त्याची भीती नसली की शेल्फवर काम तयार ठेवायची निकडही उरत नाही. म्हणून अर्ज घ्यायला टाळाटाळ होते. महाराष्ट्रातल्या मजुरांच्या संघटना त्या पोचेसाठी किती झगडल्या, याचा इतिहास कुणीतरी सविस्तर लिहायला हवा. जिथं पोच मिळाली तिथं कामांचं नियोजन सुधारलं; जिथं नाही मिळाली तिथं हक्क पुन्हा मेहेरबानी झाला, आणि मेहेरबानीबरोबर खडी परत आली.

इथवर हक्कानं राज्याला उद्याकडे बघायला लावलं, एवढं झालं. पण टिकाऊपणाला आणखी एक बाजू आहे. उद्यासाठी ठेवायचं तर आज कुठंतरी थांबावं लागतं. ही मर्यादा कोण घालणार? आणि ती लोक का पाळतील? याचं उत्तरही त्याच मजुरांनी शोधलं.

१९८२-८३ मध्ये सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात पुन्हा दुष्काळ होता. मुंबईतला गिरणी संप सुरू झाल्यावर बरेच कामगार गावी परतले होते. रोजगार हमीच्या कामांवर ते आणि त्यांचे भाऊबंद, बायका खपत होते. त्यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर आणि त्यांचे सहकारी तिच्यासोबत होते. त्यांची मागणी विचारात घेण्यासारखी आहे: काम द्याच, पण असं काम द्या की दुष्काळ हटेल. आम्ही वर्षानुवर्षं खडी फोडतो आणि वर्षानुवर्षं दुष्काळ येतो. मग आमच्या घामाचा उपयोग काय? ज्याला कामाचा हक्क आहे तोच हा प्रश्न विचारू शकतो. मदत घेणाऱ्याच्या तोंडून हा प्रश्न येत नाही, आला तर त्याला उद्धट म्हणतात.

त्यांनी गावोगाव जाऊन पाऊस, पिकं, विहिरी यांची माहिती काढली. येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि पात्र कोरडं पडत होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. वाळूवर हक्क गावाचा, असं म्हणून त्यांनी लढा दिला. वाळूचा थोडाच भाग, नदीला इजा होणार नाही एवढाच, विकून त्या पैशातून बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी श्रमदानाची जोड देत धरण बांधायला घेतलं. सरकारी विरोध सोसून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते उभं राहिलं. बळीराजा स्मृती धरण. त्याच्या पाणीवाटपाचा नियम असा की दोन्ही गावांतल्या प्रत्येक कुटुंबाला वाटा, त्याच्याकडे जमीन असो वा नसो.

तशीच वाट पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंखे यांनी आधीच पाडली होती. पुण्याचे हे इंजिनिअर-उद्योजक १९७२ च्या दुष्काळात पुरंदरमध्ये फिरले, खडी फोडणारी माणसं त्यांनी पाहिली, आणि पुढचं आयुष्य त्यांनी पाण्याला दिलं. पाणी पंचायतीचे नियम थोडे आणि कडक आहेत. पाणी माणशी मोजायचं, जमिनीच्या एकरांवर नाही: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही पाणी. आणि ऊस लावायचा नाही.

उसाचा नियम बघा. तो पर्यावरणाच्या पुस्तकातून आलेला नाही. पाण्यावर साऱ्यांचा सारखा हक्क आहे असं एकदा ठरलं की माणसांच्या संख्येनं पाण्याला भागावं लागतं, आणि त्या भागाकारात ऊस बसत नाही, इतकं ते सरळ आहे. महाराष्ट्रात पीकक्षेत्राच्या अगदी लहान हिश्श्यावर ऊस असतो आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा तो घेतो. हे वाईट आहे असं सगळेच म्हणतात, समित्या म्हणतात, अहवाल म्हणतात. तरी ऊस हटत नाही, कारण पाणी जमिनीच्या मालकीला बांधलेलं आहे आणि ज्याला पाणी पोचतं त्याला थांबण्याचं कारण नाही. काटकसरीचा उपदेश करून कुणी थांबत नाही. शेजाऱ्याचा वाटा कायद्यानं मान्य झाला की थांबावं लागतं. नायगावात बाजरी, ज्वारी, कडधान्यं, भाजी यांवर लोकांनी संसार उभे केले, आणि पाण्याचा हिशेब सगळ्यांच्या देखत होत असल्यानं नियम मोडणं अवघड झालं. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनंही रोजगार हमीच्या निधीतून डोंगरावर चर खणले, आणि मग सिंचनासाठी कूपनलिका नको, ऊस-केळी नको, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, असे नियम ग्रामसभेत केले. कामाचा हक्क, मग पाण्याचा हक्क, मग मर्यादा. क्रम तोच.

हा विचार गावच्या शिवेवर थांबत नाही. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. तापमानवाढीला भारत-चीनसारखे देशही मोठे जबाबदार आहेत, असं अमेरिकेतल्या एका संस्थेनं देशादेशांची बेरीज मांडून म्हटलं होतं, त्याला हे उत्तर होतं. त्यांचं म्हणणं असं की हवेत जेवढा धूर निसर्ग सामावून घेऊ शकतो, त्यावर पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाचा सारखा हक्क आहे. भागाकार माणशी करा. भाताच्या खाचरातून किंवा गोठ्यातून निघणारा वायू आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा धूर एका तराजूत घालू नका. नायगावच्या लोकांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. त्यांनी विहिरीच्या पाण्याचं जे केलं तेच आकाशाचं करा, एवढाच त्याचा अर्थ. जग अजून तिथं पोचलेलं नाही. आणि म्हणूनच उत्सर्जनाच्या परिषदा भरतात, आकडे जाहीर होतात, आणि मर्यादा फारसं कुणी पाळत नाही. माणशी हक्क मान्य केल्याशिवाय मर्यादेला कुणाचीच संमती मिळत नाही.

इथिओपियाचं उदाहरण दुसऱ्या अंगानं शिकवतं. तिथं वर्षानुवर्षं दुष्काळ आला की जगाकडे धान्याची हाक जायची, धान्य उशिरा पोचायचं, तोवर शेतकऱ्यांनी बैल विकलेले असायचे. २००५ मध्ये त्या देशानं ठरवलं की सततच्या तुटीच्या तालुक्यांतल्या कुटुंबांना दरवर्षी ठरावीक महिने, आधी कळवून, मजुरी किंवा धान्य द्यायचं, आणि त्या बदल्यात डोंगरउतारावर ताली, बांध, चर करायचे. काही वर्षांतच या कार्यक्रमात ७० लाखांहून जास्त माणसं आली. मिळणार हे आधीपासून ठाऊक असल्यामुळे काम आखता आलं, आणि उघडे डोंगर पुन्हा हिरवे होऊ लागले. पण तो कायद्यानं मागता येणारा हक्क नव्हता. तालुक्याचा कोटा संपला की गरजू माणूस बाहेर राहायचा आणि काम हक्कानं मागायला त्याला कायद्याचा आधार नव्हता. निम्मी वाट त्यांनी चालून दाखवली.

भारतात महाराष्ट्राच्या अनुभवावरून संसदेनं २००५ मध्ये देशभरासाठी ग्रामीण रोजगाराचा कायदा केला. वर्षाला कुटुंबामागे १०० दिवस काम, आणि कामांच्या यादीत पहिला मान जलसंधारणाला. त्याचा गाभा असा होता की आधी मागणी, मग काम, आणि कामाप्रमाणे पैसा. हा क्रम फिरवला, म्हणजे पैसा आधी ठरवून मागणी त्यात बसवायला लागलो, तर कायदा कागदावर तसाच दिसेल आणि हक्क त्यातून निघून गेलेला असेल. रोजगाराच्या कोणत्याही योजनेकडे, तिचं नाव काहीही असो, मी याच कसोटीनं पाहतो. दिवस किती, हा त्यानंतरचा प्रश्न. आधी हे विचारायचं की मागणी आली म्हणून सरकारला पैसा काढावा लागतो का. लागत नसेल, तर शेल्फवर कामं तयार ठेवायला कुणी बांधलेलं नाही, आणि पुढच्या दुष्काळात आपल्या हाती हातोडाच येणार आहे.

एक खंत राहतेच. पागे यांची कल्पना कायदा झाली, साळुंख्यांची झाली नाही. साळुंखे २००२ मध्ये गेले. महाराष्ट्राच्या सिंचन कायद्यांत पाणी आजही मुख्यतः लाभक्षेत्रातल्या जमिनीला बांधलेलं आहे. ज्या मजुरांनी पाझर तलाव बांधले त्यांतल्या भूमिहीनांना मजुरी मिळाली, पाणी मिळालं नाही. ते बांधाखालच्या विहिरींच्या मालकांना मिळालं. कामाचा हक्क मान्य करून आपण तलाव मिळवले. पाण्याचा माणशी हक्क मान्य केला नाही, म्हणून त्या तलावांखाली ऊस उभा राहिला आणि जानेवारीतच तळ दिसू लागला. अर्धा हक्क दिला, अर्धा टिकाऊपणा मिळाला.

तुमच्या गावच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाच्या कामांची यादी वाचली जाईल तेव्हा कृपा करून हजर राहा. तिथं दोन गोष्टी विचारा. काम मागणाऱ्याला तारखेची पोच दिली जाते का? आणि या बांधाचं पाणी कोणाकोणाच्या वाट्याला येणार, त्यात जमीन नसलेल्यांची नावं आहेत का? दोन्हींची उत्तरं ग्रामपंचायतीच्या दप्तरात लेखी असली पाहिजेत. नसतील तर लेखी मागा, आणि त्या मागणीचीही पोच घ्या.